निम्म्या भावातल्या सीड्या

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या कॉम्प्युटर क्लासच्या सरांनी माझ्या धाकट्या बहिणीला, सुनीताला, फसवलं. आज कपाटातून त्यांच्या सीड्यांची पेटी निघाली आणि उघडताच तोच प्लास्टिकचा उग्र वास आला.

वेबसाइट बनवायला शिकवणाऱ्या त्या सीड्या पुढं करत सर म्हणाले होते, "पावणं, ह्ये दुसरीकडं कुठं मिळत न्हाय." मी उठून दारापर्यंत गेलो, तेव्हा ते निम्म्या किमतीवर आले. सुनीता पेटी छातीशी धरून म्हणाली, "दादा, जिकलास की!"

तेच धडे, तेही नव्या रूपात, तेव्हाच इंटरनेटवर फुकट होते. नोकरीच्या मुलाखतीत त्या जुन्या सीड्यांवरून शिकलेलं तिचं जुनाट काम बघून लोक हसले. तिनं कॉम्प्युटर कायमचा सोडला. दारापाशीची माझी ती ऐट आता आठवली की जीव नकोसा होतो.

सर, पैसे ठेवा तुमच्याकडंच. ती आता मुरगूडला असते, तिथं तिच्या दारात येऊन एवढंच सांगा, फुकटचं का लपवलंत?