चूलबंद आवतन

मस्कतहून शिकायला आले तेव्हा यवतमाळात माझ्या ओळखीचं एकच माणूस होतं, ते म्हणजे मी. बाबांचा हट्ट, दुसरं काय! "आपल्या मातीत शिक." त्यांचं मूळ गाव राळेगावकडचं, पण तिथं आता आमचं कोणी उरलेलं नाही. कॉलेजजवळ एका काका-काकूंच्या घरी गच्चीवरची खोली मिळाली. काकूंनी पहिल्याच दिवशी जिन्यात उभं राहून सांगून टाकलं, "हे पाय पोरी, तुझं तू करून खाय. माह्या गुडघ्यायच्यानं दोन-दोन सयपाक होत नाही." मला रागच आला. मी काय जेवायला मागितलं होतं? तडक बाजारात जाऊन एका बर्नरची शेगडी आणली आणि त्याच संध्याकाळी खिचडी करपवली.

मस्कतला सुट्टीच्या दिवशी बाबा खिडकीशी बसून म्हणायचे, "गमत नाही बाप्पा." मला वाटायचं, कंटाळा आला म्हणतात. इथं आल्यावर कळलं, कंटाळा वेगळा आणि न गमणं वेगळं. कंटाळ्यावर मोबाइल चालतो. वर्गातल्या मुली स्वभावानं चांगल्या होत्या, पण तास संपले की सगळ्या आपापल्या एसटीनं गावाकडे. ज्यांची घरी वाट बघतात त्यांना थांबवायचं तरी कसं?

मग मी रविवारी फिरायला लागले. बायकांना एसटीत अर्धं तिकीट, आणि बाबांची फर्माईश तर रोजची, हे बघ, ते बघ. उमरखेडकडे जाऊन सहस्रकुंडाचा धबधबा पाहिला. टिपेश्वरच्या जंगलात वाघ सोडून सगळं पाहिलं. फोटो कधी कणीसवाल्याकडून काढून घ्यायचा, कधी कंडक्टरकडून. बाबांना पाठवला की त्यांचा एकच प्रश्न, "जागा मस्त आहे, पण तू एकटीच काहून वं?" मी म्हणायचे, बाकीच्या तिकडं भजी खाऊन राहिल्या. बाबा खूश व्हायचे.

थंडीचे दिवस होते. समोरच्या घरी नातू झाला होता आणि त्यांनी नवसाच्या रोडग्यांचं, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचं, जेवण घालायचं ठरवलं. शनिवारी समोरच्या आजी कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. मी जिन्यात बादली घेऊन उभी. काकूंच्या कपाळाला कुंकू लावून त्या म्हणाल्या, "उद्या चूलबंद आवतन आहे बरं." चूलबंद म्हणजे काय ते मला बाबांकडून माहीत होतं. घरातल्या झाडून सगळ्यांना जेवायला बोलावणं, त्या दिवशी त्या घरची चूल पेटवायचीच नाही. आजी माझ्याकडे बघून हसल्या आणि गेल्या. काकूही आत वळल्या.

मी वर येऊन माझ्या शेगडीसमोर बसले. ही चूल कोणाची? काकूंच्या घरात धरायची, की वेगळी? हसू नका, तेव्हा मला याहून मोठा प्रश्न नव्हता. काकूंनी एकदा "चाल वं" म्हणावं, एवढंच मला पाहिजे होतं.

रविवारी मी साधा चहासुद्धा केला नाही. केस धुतले, आईनं दिलेला चांगला ड्रेस घातला आणि कठड्याशी जाऊन उभी राहिले. काकू वांगी चिरायला विळी घेऊन निघाल्या, मागून काका. मी मुद्दाम खोकले. काकूंनी वर पाहिलं. "टाकी भरली की मोटर बंद करजो वं," म्हणाल्या, आणि रस्ता ओलांडून गेल्यासुद्धा.

मोटर! फुकटची मोलकरीण सापडलीय यांना! समोरच्या अंगणात गोवऱ्यांचा धूर निघाला, रोडगे भाजल्याचा वास थेट माझ्या खोलीत. पोटात कावळे ओरडत होते. पण नाक माझं बाबांवर गेलंय, बोलावल्याशिवाय कोणाच्या दारात पाऊल टाकायचं नाही. टाकी भरली, मोटर बंद केली आणि सरळ बसस्टँड गाठलं.

कळंबला गेले. तिथं चिंतामणीचं देऊळ जमिनीच्या खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. सगळे आपापल्या माणसांचा हात धरून उतरत होते. मी एकटी उतरले, एकटी वर आले, आणि प्रसादाच्या फुटाण्यांवर दुपार काढली. एका नवीन लग्न झालेल्या जोडप्यातल्या नवऱ्याला फोटो काढायला सांगितला. तो म्हणाला, "ताई, हसा ना थोडं." तर मला रडूच फुटलं. बिचाऱ्यानं घाबरून तसाच काढला. त्यात तोंड नीट दिसत नव्हतं म्हणून तोच बाबांना पाठवला.

दिवेलागणीला परत आले तर काकू ओट्यावर बसलेल्या.

"कुठं गेलती?"

"कळंबला."

"जेवाले काहून नाही आली?"

"तुम्ही कुठं बोलावलं मला?" माझा आवाज चढला.

काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. "चूलबंद म्हटल्यावर बोलवा लागते का वं? बोलवतात परक्याले."

मग म्हणाल्या, "थे आजी दर पंगतीले इचारे, तुमची पोरगी कुठं राह्यली? मी म्हटलं, येऊन राह्यली, मोटर बंद करून येते. पंगतीवर पंगती उठल्या. शेवटी आखरीच्या पंगतीत मी एकटी जेवली. बाजूले तुही पत्रावळ, तशीच."

त्या उठल्या आणि आतून फडक्यात बांधलेला एक रोडगा आणून माझ्या हातात ठेवला. "वर जाऊन शेगडी पेटवशीन तर याद राख. आज चूलबंद आहे."

रोडगा थंड झाला की दगड होतो. मी खोलीत बसून तो तसाच कोरडा चावत होते, तेवढ्यात बाबांचा फोन आला.

"फोटो पाह्यला वं. आजही एकटीच काहून?"

भजी खाणाऱ्या मैत्रिणी काही केल्या तोंडात येईनात. "बाबा," मी म्हणाले, "माझी पत्रावळ मांडलेली होती. मीच गेले नाही."