प्रज्ञाचा ‘हाव’

स्कूटरचं मागचं चाक पंक्चर झालं होतं आणि मी दुकानापुढच्या बाकड्यावर बसलो होतो. दुपार कलायला आली होती. दुकानदार टबात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होता. तेवढ्यात फोन वाजला. इंग्लंडचा नंबर. माझी भाची प्रज्ञा कधीमधी ऑफिसातून असा अवेळी फोन करायची, म्हणून उचलताच मी ओरडलो, “काय गं प्रज्ञे, आज कामधंदा न्हाई का?” पलीकडून पुरुषाचा आवाज आला, “मिस्टर मामा?” हा डॅरेन, प्रज्ञाच्या गाण्याच्या ग्रुपमधला तिचा साथीदार. ती मला मामा म्हणते, म्हणजे मामा हेच माझं नाव, अशी त्याची समजूत होती आणि आम्ही ती मुद्दाम तशीच ठेवली होती. तो म्हणाला, “प्रज्ञा इज गॉन.” मी विचारलं, “गॉन व्हेअर?” “शी इज गॉन,” तो म्हणाला. मी पुन्हा तेच विचारलं. माझी अख्खी नोकरी इंग्रजी पत्रांना उत्तरं लिहिण्यात गेली, पण ते एक वाक्य काही केल्या डोक्यात शिरेना. मग तो रडायला लागला… तेव्हा उमगलं. आपल्यातही माणूस ‘गेलं’ असंच म्हणतात की.

दुकानदार म्हणाला, “काका, ट्यूब बदलावी लागतीय, बदलू का?” मी म्हणालो, “बदल.” त्यानं ट्यूब बदलली, मी स्कूटर घेऊन घरी आलो, जिन्याखाली नीट लावली आणि मग बायकोला, वंदनाला, हाक मारली. हे सगळं मी कसं केलं, आज आठवून आश्चर्य वाटतं. प्रज्ञानं अजून पस्तिशी गाठली नव्हती. सकाळी चालत गाण्याच्या तालमीला निघाली, रस्त्यातच खाली बसली, लोकांनी दवाखान्यात नेलं. मेंदूत रक्तस्राव. डॅरेन पोचला तेव्हा सगळं संपलेलं होतं.

शेजाऱ्यांची गाडी काढून आम्ही उमरीला गेलो. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण आणि प्रज्ञाची आई, अंगणात बसून शेंगा फोडत होती. “काय रे, न सांगता आलास?” म्हणून हसली. मी सांगितलं. माझ्याकडं बघत तिनं आणखी दोन-चार शेंगा फोडल्या. मग म्हणाली, “काल तर बोलली. काल बोलली ना ती माझ्याशी.” जणू काल बोललेलं माणूस आज मरूच शकत नाही. दाजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, शांत माणूस. ते आत गेले, इस्त्रीचा सदरा घालून, चप्पल पायात अडकवून बाहेर आले आणि उंबऱ्यातच उभे राहिले. कुठं जायचं, ते त्यांना कळत नव्हतं.

प्रज्ञा अकरावीला नांदेडला शिकायला आली ती आमच्याच घरी. मला मूलबाळ नाही, त्यामुळं घर तिचंच झालं. त्या काळी मी ऑफिस सांभाळून आप्पांच्या गायन पार्टीत ढोलकी वाजवायचो. जयंतीच्या दिवसांत गावोगाव भीमगीतांचे, कव्वालीचे सामने व्हायचे. एका स्टेजवर एक पार्टी, समोर दुसरी. इकडून सवाल, तिकडून जवाब. प्रज्ञा हट्टानं सोबत यायची आणि माझ्या शेजारी मांडी घालून बसायची. समोरच्या गायकानं सवाल टाकला की तिचं सगळं लक्ष माझ्या बोटांकडं. गाणं तिला जमत नव्हतं, आवाज घोगरा. पण ठेका तिच्या अंगात होता. चपात्या लाटतानासुद्धा पोळपाटावर बोटं चालायची. वंदना म्हणायची, “अगं, लाटून राहिलीस का वाजवून राहिलीस?”

पुढं ती कॉम्प्युटरची पदवी घेऊन शेफील्डला शिकायला गेली आणि तिथंच नोकरीला लागली. पहिल्या वर्षी तिला फार एकटं वाटायचं. मग फोनवर डॅरेनचं नाव ऐकू यायला लागलं, पाठोपाठ नाओमीचं. डॅरेन सिटी बस चालवायचा आणि रॅप लिहायचा, नाओमी गायची, प्रज्ञा कॉम्प्युटरवर त्यांना ठेके बांधून द्यायची. कामं आटोपून तिघं एका गॅरेजात जमायचे आणि प्रज्ञाच्या डब्यातली गार भाजी-भाकरी वाटून खायचे. म्हणून ग्रुपचं नाव पडलं ‘कोल्ड टिफिन’. मी विचारलं, “हे हिप-हॉप म्हणजे नेमकं काय गं?” तर म्हणाली, “मामा, आपला सामनाच हाय. फक्त पेटी न्हाई, आन् मागं टाळीचा ठेका धरायला कुणी बसलेलं न्हाई.”

त्यांचा पहिला अल्बम आला, नाव ‘हाव’. आमच्याकडं ‘हो’ म्हणायच्या जागी ‘हाव’ म्हणतात, एवढंच. पण पुण्याच्या एका पुरवणीत त्यावर लेख आला आणि लेखकानं हाव म्हणजे लालसा असं धरून, भांडवलशाही, बाजार, माणसाची न भागणारी तहान असं पानभर लिहिलं. प्रज्ञानं तो लेख मला फोनवर वाचून दाखवला. हसून हसून तिला ठसका लागला. “मामा, एवढा इचार मी केला असता तर गाणं झालंच नसतं!” इंग्लंडातल्या एका मासिकानं मात्र मराठीतली कडवी म्हणजे नुसती सजावट आहे, ती काढली असती तर बरं झालं असतं, अशा अर्थाचं लिहिलं. ते तिला लागलं. पण छोट्या छोट्या हॉलमध्ये लोक यायला लागले. ज्यांना मराठीचा गंध नाही, ती गोरी-काळी पोरं हात वर करून “हाव! हाव!” ओरडतानाचे व्हिडिओ तिनं मला पाठवले. इकडं आप्पांनी ते गाणं डोळे मिटून दोनदा ऐकलं आणि म्हणाले, “ठेक्याला पोरगी कुठंच चुकली न्हाई. पर गायला कवा सुरू करती?”

सगळ्यात गाजलं ते अल्बमच्या नावाचंच गाणं. त्यात प्रज्ञा तिच्या घोगऱ्या आवाजात सवाल टाकत जाते, जेवलीस का, गुडघा बरा हाय का, पप्पा बरे हायेत का, झोप लागती का, आणि दर सवालाला एका बाईचा जवाब येतो, “हाव.” तो आवाज ताईचा. फोनवर बोलताना प्रज्ञानं तो वेळोवेळी रेकॉर्ड करून ठेवला होता. ताईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं तो ऐकला एका बारशात, शेजारच्या पोरीच्या मोबाइलवर, चार बायकांसमोर. बाया हसल्या. हसण्यात वाईट काही नव्हतं, पण ताई उठून घरी गेली. संध्याकाळी प्रज्ञाचा फोन आला तेव्हा म्हणाली, “माझं बोलणं मी तुला दिलं होतं. साऱ्या गावाला न्हाई दिलं.” आणि फोन दाजींच्या हातात दिला. त्यानंतर कितीतरी आठवडे फोन दाजीच घ्यायचे. “आईला द्या ना,” प्रज्ञा म्हणायची. दाजी म्हणायचे, “ती कामात हाय.” ताई शेजारीच बसलेली असायची.

शेवटी गेल्या थंडीत प्रज्ञा रजा काढून आली. थेट उमरीला जायची तिची हिंमत होईना. मीच ताई-दाजींना नांदेडला बोलावून घेतलं. दोघी माझ्या बैठकीत समोरासमोर बसल्या. प्रज्ञा म्हणाली, “आई, एकदा पुरं ऐक. न्हाई आवडलं तर मी ते गाणं सगळीकडून काढून टाकते.” तिनं स्पीकर लावला. ताई जमिनीकडं बघत ऐकत होती. पहिला ‘हाव’ आला तशी तिनं मान वर केली. “थांबव,” म्हणाली. प्रज्ञानं थांबवलं.

“ह्यो तू जेवलीस का इचारलं तवाचा हाय.”

“हाव.”

“त्या दिशी मी जेवले नव्हते.”

प्रज्ञाला वाटलं, आई चेष्टा करतीय. पण ताई म्हणाली, “लाव पुढं.” दुसरा ‘हाव’ आला. “ह्यो गुडघ्याचा. त्या आठवड्यात मला उठता येत नव्हतं. तुझ्या पप्पांनी सैपाक केला.” दाजींनी मान हलवली. तिसरा आला. “आन् ह्यो, पप्पा बरे हायेत का, तवाचा. पप्पा दवाखान्यात होते.” एकेक करत तिनं सगळे ओळखले. कुठला कुठल्या दिवसाचा, त्या वेळी घरात काय चाललं होतं… तिकडची पोरं ज्यावर हात उंचावून नाचत होती, ज्याचा अर्थ लावत लोकांनी पानं भरली होती, त्यातला एकही ‘हाव’ खरा नव्हता. प्रज्ञानं स्पीकर बंद केला. “मग हाव का म्हणलीस गं?”

“एवढ्या लांबून तू काय करणार होतीस?”

प्रज्ञा आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली, लहान पोरीसारखी हुंदके देऊन. मग म्हणाली, “काढून टाकते मी हे.” ताई तिच्या केसांतून हात फिरवत होती. “राहू दे. खोटे हायेत, पर तुझ्यासाठीच हायेत.” मग जरा वेळानं, “चहा टाक आता, मामा कवाचा ताटकळून राहिलाय.”

त्याच मुक्कामात लातूरच्या एका कॉलेजात पोरांनी तिला बोलावलं. मी, ताई, दाजी सगळेच गेलो. एका मुलीनं उठून विचारलं, “प्रज्ञाताई, आम्हाला पुण्यात गेल्यावर असं गावाकडचं बोलायची लाज वाटते. तुम्हाला तिकडं नाही वाटली?” प्रज्ञा म्हणाली, “तिकडं कुणाला कळतच नव्हतं गं, मी चांगली मराठी बोलून राहिले का वाईट. मग म्हटलं, आपली घरचीच बोलू.” पोरांनी ताईला आग्रहानं स्टेजवर नेलं, तिच्यापुढं माइक धरला. प्रज्ञानं विचारलं, “आई, आज जेवलीस का?” ताई पदर सावरत म्हणाली, “हाव. आज खरंच जेवले.” काय हशा, काय टाळ्या! प्रज्ञाला मी इतकी आनंदात कधी पाहिली नव्हती. त्यानंतर ती परत गेली आणि तीन महिन्यांच्या आत त्या बाकड्यावर मला तो फोन आला.

तिला आणायला बरेच दिवस लागले. डॅरेन सोबत आला. भरदार देहाचा, केसांच्या वेण्या घातलेला तो माणूस उमरीत जलदान विधीला पांढरा सदरा घालून सतरंजीवर बसला, भंतेजींच्या मागं त्रिशरण म्हणायचा प्रयत्न करत होता. जेवणं चालू असताना ताई त्याच्यासमोर येऊन बसली. मला म्हणाली, “त्याला इचार. तिला काय होत होतं?” मी विचारलं. डॅरेननं हातातला घास ताटात ठेवला. मग सांगितलं, की महिनाभर तिचं डोकं दुखत होतं. कधी कधी इतकं, की ती खोलीतला दिवा बंद करून बसायची. डॉक्टरकडं जा म्हटलं की म्हणायची, पुढचा कार्यक्रम होऊ दे, मग जाते. ताई माझ्या तोंडाकडं बघत होती. दुसऱ्याच्या भाषेतलं इतकं जड वाक्य मी आयुष्यात कधी आपल्या भाषेत आणलं नव्हतं. एकही शब्द न गाळता सांगितलं.

ताई म्हणाली, “मरायच्या आदल्या दिशी मी इचारलं होतं तिला. आवाज असा का येऊन राहिला, बरी हायेस ना?” प्रज्ञानं काय उत्तर दिलं, ते आम्ही कुणी विचारलं नाही. ताईनं उठून डॅरेनच्या ताटात आणखी थोडा भात वाढला. त्यानं तो मुकाट्यानं खाल्ला.

तिच्यामागं अल्बम पुष्कळ पसरला. मराठी कडव्यांना नावं ठेवणाऱ्या त्याच मासिकानं आता त्याच कडव्यांवर मोठा लेख लिहिला. इकडं तिच्या फोटोचे बॅनर चौकात लागले, खाली शोकाकुलांची नावं, त्यातले निम्मे तिला कधी भेटलेही नव्हते. मी ते बॅनर बघतो आणि मला काहीच वाटत नाही. अजून मी त्या बाकड्यावरच बसलेलो आहे, असं वाटत राहतं. दुकानदार विचारतोय, बदलू का, आणि मी म्हणतोय, बदल…

ताई-दाजी सध्या आमच्याकडेच आहेत. वरच्या मजल्यावर आमची अडगळीची एक खोली आहे. त्या शेवटच्या मुक्कामात प्रज्ञानं ती रिकामी केली होती. पुढच्या अल्बमसाठी माझी ढोलकी तिला इथंच रेकॉर्ड करायची होती आणि आमच्याकडं तर दिवसभर रेल्वेच्या शिट्ट्या, शेजारचा मिक्सर, भंगारवाल्याचा भोंगा. म्हणून तिनं अंडीवाल्याकडून पुठ्ठ्याचे ट्रे मागून आणले आणि चारी भिंतींना, छताला, दाराच्या आतल्या बाजूला चिकटवले. खिडकीला जुनी गोधडी ठोकली. ढोलकी काही रेकॉर्ड झाली नाही, तिची रजा संपली.

रोज दुपारी जेवणं झाली की ताई वर जाते आणि दार लावून घेते. तासाभरानं तोंड धुऊन खाली येते, कपडे वाळले का, ते बघते. वंदनानं परवा विचारलं, “ताई वर काय करत असतील हो एवढा वेळ?” पाण्याची टाकी बघायच्या निमित्तानं मी गच्चीवर गेलो. खोलीची खिडकी तिकडंच; काच बंद, पण आतल्या गोधडीचा एक कोपरा सुटलेला होता, तेवढ्या फटीतून आत दिसलं. ताई भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली होती. तोंड उघडं, मानेच्या शिरा ताणलेल्या, दोन्ही हातांनी छाती बडवत होती. मी खिडकीपासून हातभर अंतरावर उभा होतो, आणि मला काहीही ऐकू येत नव्हतं.

खाली आल्यावर वंदनाला म्हणालो, “बसलीय.” संध्याकाळी बाजारातून खिळे आणले आणि ताई दाजींना घेऊन फिरायला गेली, तेव्हा गोधडीचा तो कोपरा पक्का ठोकून टाकला.