अक्कांचं खापर

मला गप्प बसता येत नाही, हे असोद्यात कुणालाही विचारा. माझी सासू म्हणायची, हिच्या तोंडाला देवानं कडीच लावली नाही. पण पुरणाच्या मांड्यांच्या कामाला बसलं की मीसुद्धा तोंड मिटून असायचे, कारण तिथं राज्य अक्कांचं.

लग्नकार्यात मांडे करून द्यायचे, हे आम्हा चौघींचं काम. कणीक मी तिंबते. पुरण माझ्या शेजारणीचं. चुलीपुढं माझी जाऊ, कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या सारून जाळ सांभाळते. आणि पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत पसरवायचा नि अलगद मातीच्या पालथ्या खापरावर टाकायचा, ते फक्त अक्कांनी. खापरही त्यांचंच. ते पुसायलासुद्धा दुसरीच्या हातात द्यायच्या नाहीत. आणि आमच्यात एक रीत होती, कुणी घालून न दिलेली. खापरापुढं बसली तिला टोकायचं नाही.

दिवाळीनंतर अक्कांचा उजवा हात थरथरायला लागला. हात हलला की बांगड्या वाजत, म्हणून त्या बांगड्या कोपराकडं सारून घट्ट बसवायला लागल्या. आम्हाला काय दिसत नव्हतं? दिसत होतं की! पण बोलणार कोण? आम्ही तिघींनी आपसातसुद्धा त्यावर चकार शब्द काढला नाही.

उन्हाळ्यात अक्कांच्या नातीचा साखरपुडा धुळ्याला ठरला, मुलाकडच्यांच्या हॉलवर. अक्कांनी व्याह्यांना आधीच सांगून टाकलं होतं, "पोरीच्या साखरपुड्याले मांडे माह्या हातचेच व्हतीन." असोद्यापासून धुळ्यापर्यंत टेम्पोत त्यांनी खापर गोणपाटात गुंडाळून मांडीवर धरलं. एका खड्ड्यात टेम्पो आदळला, तर त्यांनी ड्रायव्हरच्या सात पिढ्या काढल्या.

हॉलच्या मागं पत्र्याखाली विटांची चूल मांडली. पहिला मांडा हातावरच फाटला. दुसरा खापरावर पडला, पण दुमडून. तिसरा निघाला तो चामड्यासारखा चिवट. अक्का नुसत्या पुढचा गोळा मागत होत्या. कपाळावरून घाम डोळ्यांत जात होता, पण पुसायला हात वर करत नव्हत्या.

आत पंगत बसायला लागली होती, वाट्यांत आमरस वाढून झाला होता. मुलाची आत्या दारात आली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पाव्हना बठ्ठा बशी ग्यात, मांडा कोठे शेत वो?" सगळे पाहुणे बसलेत नि मांडे कुठं, असा तिचा सवाल. मीच म्हटलं, "आणतेच." आणायला होतं काय? कप्पाळ!

मी जावेच्या कानाशी लागले. "अगं, जाळ का मेलेला? मांडा फुलणार कसा?"

"अक्कांले चटका नको बसाले. हात जरा दमानं चालतो ना त्यांचा," ती कुजबुजली. "आन तुही कणीक आज दगडावानी काहाले?"

कणीक मी मुद्दाम घट्ट ठेवली होती, थरथरत्या हातावर फाटू नये म्हणून. शेजारीण आमच्याकडं बघत होती. तिच्या परातीत गोळे भरलेले होते, पण पुरण निम्मंच. मी बोट दाखवलं तशी ती खाली बघून म्हणाली, "अक्कांले जड व्हईन म्हनून."

घ्या! तिघी शहाण्या, तिघींनी गुपचूप माया केली, आणि तिघींनी मिळून अक्कांच्या मांड्यांचं वाटोळं केलं. घट्ट कणकीचा, पुरण कमी भरलेला गोळा ताणायला जास्त जोर लागतो, आणि जोर तर त्या हातात उरलाच नव्हता. मला जावेचा राग आला, शेजारणीचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला.

तेवढ्यात अक्कांच्या हातावर आणखी एक मांडा फाटला. आणि माझी कडी निघाली.

"अक्का, बस्स करा! हात थरथरतोय तुमचा. उठा तिथून."

जावेच्या हातातली पऱ्हाटी खाली पडली. अक्कांनी माझ्याकडं पाहिलं. आता मुस्काटात बसते, असं मला वाटलं.

"कधीपासून दिसून राह्यलं तुले?"

"दिवाळीपासून."

"आन आज बोलते व्हय? माह्या नातीच्या सासरच्या दारात?"

त्या उठल्या. खापरासमोरची जागा रिकामी झाली. जावेला बाजूला सारून त्या चुलीपुढं बसल्या आणि भसाभसा पऱ्हाट्या आत लोटल्या. "कणकीले पानी लाव. पुरन दाबून भरा. बस आता तू, बोललीस ना?"

मी कधी मांडा टाकला नव्हता. गोळा हातावर घेतला तर तो एका बाजूला लोंबायला लागला. "पसर," अक्का जाळाकडं बघत म्हणाल्या. "अजून पसर. मनगट ढिलं सोड. टाक!" मांडा वेडावाकडा पडला, पण फुगला. पुढचा जरा गोल झाला. मग आम्ही थांबलोच नाही.

पंगत उठल्यावर आत्या परत आली. आता तोंडभर हसत होती. तिनं अक्कांचे दोन्ही हात धरले. "अक्का, तुमना हातले तोड नही!"

म्हणू दे, कुणाला काय कळणार, असं मी मनात म्हणत होते. नात शेजारीच उभी होती. अक्कांनी आपले हात सोडवून घेतले.

"माह्या हातचे नाहीत," त्या म्हणाल्या. "माह्याकून आता व्हत नाही."

आत्याचं हसू तसंच तोंडावर राहिलं. नातीनं पदर डोळ्यांना लावला. मला कुठं तोंड लपवू असं झालं.

परतीच्या वाटेवर खापर अक्कांच्या मांडीवरच होतं, पण बांगड्या आता मनगटावर आल्या होत्या. रस्ताभर त्या खापरावर किणकिणत राहिल्या आणि अक्कांनी हात दाबून धरला नाही. असोद्यात माझं घर आधी येतं. मी उतरले तसं त्यांनी खापर माझ्याकडं सरकवलं.

"घे. घरी ने."

मी म्हटलं, "अक्का, राहू द्या ना तुमच्याकडं."

"धर लवकर," त्या म्हणाल्या, "पडीन माह्या हातातून."