ओळ नाही आली तर

कॉम्प्युटरवरच्या काळ्या खिडकीत दोनदा एंटर दाबायचं आणि कान देऊन बसल्यासारखं पडद्याकडे बघायचं, ही माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याची सवय. डहाणूतल्या आमच्या चार टेबलांच्या ऑफिसात आम्ही त्याला त्यावरून फार छळलं. नाडी लागली का, असं कुणी विचारलं की तो मान न वळवता म्हणायचा, "गप्प आहे म्हणजे बरा आहे असं नाय, भाई." भाई म्हणजे मी. मी मुलगी आहे, हे गुजरातच्या सीमेवरच्या वेवजीत गुजराती शेजारात वाढलेल्या या माणसाने कधी मनावरच घेतलं नाही.

त्याचं दुखणं तुम्हाला थोडक्यात सांगते. आम्ही वेबसाइट बनवतो. त्यासाठी दोन प्रोग्राम दिवसभर चालू असतात. पहिला आमचा जावास्क्रिप्ट या संगणकभाषेतला प्रत्येक बदल तयार करून "झालं" अशी ओळ छापतो. ती ओळ नळातून यावी तशी दुसऱ्याकडे जाते, आणि दुसरा नवं पान साइटवर चढवतो. पहिला मध्येच अडकला, तर दुसरा बिचारा पुढची ओळ येईल म्हणून नुसता बसून राहतो. "बराच वेळ ओळ नाही आली तर ओरड, एवढं त्या दुसऱ्याला लिहून दे," असं तो मला महिनाभर सांगत होता. मी उद्यावर ढकलत होते.

स्वतः तो हा नियम पाळायचा. घरून निघाला की मेसेज, नाक्यावर मेसेज, चहाला थांबला की मेसेज. आमच्या ग्रुपवर रोज त्याच्या प्रवासाचं धावतं वर्णन चालायचं, आणि आम्ही त्यावर खिदळायचो.

तेव्हा आम्ही वरोरच्या मच्छीमारांसाठी एक पान करत होतो. कुठली बोट परत आली, ते घरच्यांना फोनवर दिसावं म्हणून. गावात त्याची चाचणी चालू असताना माझी चूक झाली. जिची काहीच खबर नाही, ती बोटही पान "आली" म्हणून दाखवायचं. सकाळी मी दुरुस्ती केली आणि निर्धास्त झाले. पहिला प्रोग्राम नेमका तेव्हाच अडकला होता. दुपारी त्याने माझ्या खिडकीत एंटर दाबलं, तेव्हा कळलं की साइटवर अजून जुनंच पान आहे. बंदरावर फोन करून विचारलं तर समजलं, तोवर एक मावशी ते वाचून बंदरावरून घरी गेली होती आणि मुलासाठी भात टाकून बसली होती. मुलाची बोट आलेली नव्हती.

मी म्हटलं, फोन करून सांगू. "खोटं आपण सांगितलं," तो म्हणाला. "जाऊन सांगायचं."

मावशीने ऐकलं आणि भांडं उतरवून ठेवलं. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तो तिच्या दारातल्या ओट्यावर बसला. इतर बोटींच्या तांडेलांना, म्हणजे बोटप्रमुखांना, तेवढा फोन लावत होता. सूर्य कलल्यावर खबर आली, इंजिन बंद पडलं होतं, दुसरी बोट ओढून आणतेय. मावशीने भात पुन्हा चुलीवर चढवला. मुलगा आल्यावर आम्हालाही वाढलं. मी भात नुसता चिवडत राहिले. याने मात्र सुकटीचं कालवण दोनदा मागून घेतलं.

आता तो पुण्यात मोठ्या कंपनीत आहे. त्याची फार आठवण येते. येते तेव्हा तो पडद्यासमोर दिसत नाही, वरोरहून निघतानाचा दिसतो.

"बोट आलीच नसती तर?" मी विचारलं होतं.

"तिथंच बसलो असतो," तो म्हणाला, आणि त्याने मोटारसायकलला किक मारली.