भाविकचे थेंब

आमच्या पाड्यात जनाबाईच्या पायांवर झोपला नाय असा एक माणूस शोधून दाखवा. शाळेचा शिपाई झोपलाय, पोलीस पाटील झोपलाय, माझी दोन्ही पोरं झोपलीत. बाळंतिणीच्या घरी ही बाई सकाळी यायची, न्हाणीत पाटावर बसायची, लुगडं गुडघ्याच्या वर खोचायची आणि लांबलचक पाय पुढं सोडायची. त्या पायांवर पोर. आधी तेल, मग कढत पाणी, ओव्याची धुरी आणि शेवटी गुटी. गुटीला पोरानं तोंड मिटलं का जनाबाई दोन बोटांनी त्याचं नाक धरायची. श्वासासाठी पोर तोंड उघडायचं, तेवढ्यात चमचा आत रिकामा. "देवानं नाक कशाला दिलंय गो?" असं म्हणून वर हसायची.

मी माधुरी, इथली आशाताई. टोकावड्याच्या पुढं डोंगराच्या अंगाला आमचा पाडा. वजनकाटा, रजिस्टर आणि तोंडात शिव्या, ह्या तीन गोष्टींशिवाय मी घराबाहेर पडत नाय. ट्रेनिंगमध्ये मॅडमनी आम्हाला बजावलं होतं, बाळाला आडवं टाकून, नाक दाबून काहीही पाजायचं नाय, ते छातीत उतरतं. मी तिथं मान डोलावली, वहीत लिहिलं, खाली रेघसुद्धा मारली. आणि पाड्यात येऊन तोंडाला कुलूप लावलं. जनाबाईला शिकवणार कोण? माझ्या पोरांची नाकं तिनंच धरली होती आणि दोघं टणटणीत आहेत. भित्री मेली मी, दुसरं काय!

मग जनाबाईलाच नातू झाला. तिचा मुलगा अनिल, सून पूजा, त्यांचा हा भाविक. आठव्या महिन्यात आला, दीड किलोचा. पहिला महिना काचेच्या पेटीतच गेला. घरी आणलं तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी दोन बाटल्या दिल्या, एक विटामिनची, एक लोहाची. रोज थेंब गेलेच पाहिजेत. साडेचार महिन्यांचा झाला तरी पोराचे ओठ पांढरे. डॉक्टर म्हणाले, "रक्त फार कमी आहे. सोमवारी परत तपासू. वाढलं नाही तर ॲडमिट करून रक्त चढवावं लागेल."

तेव्हापासून पूजाचा जीव थाऱ्यावर नाय. विटामिनचे थेंब गोडसर, ते कसेबसे जायचे. पण लोहाचे थेंब म्हणजे गंजका खिळा चाटल्यासारखे. मी चाटून बघितलेत, उगाच बोलत नाय. भाविक ड्रॉपर बघितला का ओठ घट्ट मिटायचा, नाय तर फुर्र करून सगळं आईच्या अंगावर. तिच्या गाऊनवर, पोराच्या झबल्यांवर काळे डाग. एकदा धावत आली, "ताई, शी काळी झाली ओ!" मी म्हटलं, "अगं बये, काळी झाली म्हंजे पोटात काय तरी गेलं. नारळ फोड." ती हसली नाय.

आणि जनाबाई? साऱ्या पाड्याची पोरं हाताळलेली बाई स्वतःच्या नातवापासून चार हात लांब. "काचेचं पोर हाय. माझ्याच्यानं नाय व्हायचं." मला वाटलं, सुनेवर रुसली असेल.

गुरुवारी सकाळी वजन करायला गेले. काटा तसूभर हलला नव्हता. पूजा रडायला लागली. सोमवार चार दिवसांवर. माझंही डोकं फिरलं, आणि मी, ह्याच तोंडानं, बोलले, "काकू, आता तुमीच घ्या पायावर. तुमच्या हातनं कोणतं पोर राह्यलंय प्यायचं?"

जनाबाई पाटावर बसली, पाय सोडले, भाविकला आडवा घेतला. माझ्या वहीतली रेघ मला तेव्हा आठवली का? आठवली. खोटं कशाला बोलू? पूजानं ड्रॉपर भरून दिला. भाविकनं तोंड मिटलं. जनाबाईनं नाक धरलं. तोंड उघडलं, ड्रॉपर आत रिकामा झाला.

पोर रडलंच नाय. डोळे मोठे झाले, छाती वर आली ती वरच राह्यली. ओठ पांढऱ्याचे निळे झाले. पूजा किंचाळली. माझं सगळं ट्रेनिंग कुठं गेलं काय माहीत. जनाबाईनंच त्याला तळहातावर पालथा घेतला, डोकं खाली केलं आणि पाठीत चार थापट्या घातल्या. तोंडातून काळा फेस आला. पाचवी थापटी. खोकला आला, मग रडं आलं. इतकं गोड रडं मी जन्मात ऐकलं नाय.

जीप करून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दुपारपर्यंत ठेवून घेतलं, छाती ऐकली, म्हणाले, "थोडं आत गेलं असणार. दोन दिवस डोळ्यांत तेल घालून बघा. श्वास मिनिटाला पन्नासच्या पुढं गेले, फासळ्यांखाली खड्डा पडला, किंवा दूध सोडलं, तर लगेच घेऊन या." मग आम्हाला दाखवलं: मांडीवर डोकं उंच घेऊन बसवायचं, ड्रॉपर गालाच्या आत, एक थेंब, गिळू द्यायचं, मग दुसरा. नाकाला हात नाय. दोन दिवस थांबून शनिवारी परत सुरू करा म्हणाले आणि तपासणी पंधरा दिवस पुढं ढकलली. मान खाली घालून ऐकलं मी. वहीत हेच तर लिहिलेलं होतं.

शुक्रवारी दिवसभर मी पडवीत बसून पोराचं पोट मिनिटाला किती वेळा वरखाली होतं ते मोजत होते. चव्वेचाळीस. तासाभरानं सेहेचाळीस. मग एकोणपन्नास. पूजाला सांगितलं पंचेचाळीस. जीपवाल्याला फोन करून ठेवला, लांब जाऊ नको म्हणून. मनात एकच, ह्या पोराला काय झालं तर ते मी केलं.

जनाबाई उंबऱ्यात बसली होती. म्हणाली, "काय मोजतेस गो?"

मी सांगितलं. औषध छातीत गेलं तर पोर धापा टाकतं, फासळ्यांखाली खड्डा पडतो, तो बघायचा.

ती पुढं सरकली. मग विचारलं, "खड्डा कसा? वाटीवानी?"

"हो, तसाच."

"आणि नाकपुड्या फुलतात?"

"काकू, तुमाला कसं माहीत?"

तिनं पदर तोंडात कोंबला. तिची थोरली, अनिलच्या आधीची, चार महिन्यांची होऊन गेली, एवढं पाड्याला ठाऊक होतं. कशानं गेली तेही सगळ्यांना पाठ होतं. जनाबाईची जाऊ शकूकाकी, भिंतीपल्याड राहते, पोटी पोर नाय. ती त्या दिवशी पाळण्यात वाकून "किती गोरी गो!" बोलली, आणि दुसऱ्या दिवशी पोर गेलं. शकूची दृष्ट. चाळीस वर्षं झाली, जनाबाई तिच्याशी बोलली नाय. बोलली नाय ते एक असो. पण पाड्यात कुणी शकूकाकीच्या मांडीवर पोर दिलं नाय. बारशाला तिला दारातूनच परत पाठवायचे. मीपण पाठवलंय.

"त्या सकाळी मी गुटी पाजली व्हती," जनाबाई म्हणाली. "ती पण कालसारखीच निळी झाली, मग खोकली, मग रडली. मला वाटलं झालं. सांजेला वाटीवानी खड्डा पडला. माधुरी, नाक मी धरलं व्हतं गो. मीच धरलं व्हतं."

तिचा हात हातात घ्यावा एवढीपण अक्कल मला आली नाय. मी परत पोट मोजायला घेतलं. सत्तेचाळीस.

शनिवारी सकाळी एक्केचाळीस. दूध प्यायला, पाय झाडायला लागला. आमच्या जिवात जीव आला. पण बाटली फळीवरच. थेंब द्यायचेच होते आणि हात लावायला कुणी धजेना. पूजानं ड्रॉपर घेतला आणि परत फळीवर ठेवला. मी घेतला, मीपण ठेवला.

जनाबाई उठली. भाविकला खांद्यावर घेतलं, बाटली मुठीत धरली आणि बाहेर पडली. "काकू, कुठं चाल्लाव?" मी मागं धावले. ती सरळ शकूकाकीच्या दारात.

पुढं पंधरा दिवसांनी रक्त वाढलेलं निघालं, चढवावं लागलं नाय. जनाबाई आता प्रत्येक बाळंतिणीच्या घरी आधी हेच सांगते, नाक धरू नका, माझं पोर मी तसं घालवलं. ते सगळं नंतरचं. त्या दिवशी शकूकाकी अंगणात तांदूळ पाखडत होती. नातवाला घेतलेली जाऊ समोर उभी बघितली आणि बिचारी सूप टाकून मागं सरकली. पदरानं डोळे झाकले तिनं, पोरावर नजर पडू नये म्हणून.

जनाबाई तिच्यापुढं मातीत बसली. "शकू, पदर काढ. तुझी नजर नव्हती गो. माझा हात व्हता."

शकूकाकी हललीच नाय. जनाबाईनं भाविकला उचललं आणि तिच्या मांडीवर ठेवलं, डोकं उंच करून. ड्रॉपर तिच्या बोटांत दिला. "गालात सोड. एक एक थेंब. तूच पाज."

शकूकाकी रडत होती, डोळ्याला पदर लावायला हात मोकळा नव्हता. पहिला थेंब भाविकनं फुर्र करून तिच्या लुगड्यावर उडवला. दुसऱ्याला तिच्या तोंडाकडं टकामका बघत राह्यला आणि गिळला.

"जने," शकूकाकी म्हणाली, "डाग पडला गो."

"पडू दे," जनाबाई म्हणाली. "अजून चार थेंब राह्यलेत."