बहात्तर किलोंच्या आत

राजाराम तलावावर आम्ही चौघं रोइंग करायचो, तेव्हा कोल्हापुरात हा खेळ चालतो हे फक्त आम्हाला, आमच्या सरांना आणि तलावात डुंबणाऱ्या म्हशींना ठाऊक होतं. आमची चाळीस फुटी बोट जवळून गेली तरी म्हशी कान हलवत नसत. एकीनं तर वल्हं अर्धं खाल्लं होतं. उरलेलं अर्धं मी वर्षभर वापरलं.

आमचा गट हलक्या वजनाचा. प्रत्येकजण बहात्तर किलोंच्या आत हवा. एक जरी जास्त भरला तरी चौघंही बाद. माझ्या पुढं बसणाऱ्या दोस्ताचं ते शेवटचं वर्ष होतं, पुढच्या वर्षी वयात बसणार नव्हता. त्यामुळं पुण्याची ती एक शर्यत त्याच्यासाठी सगळं होती.

इकडं माझे काका जुने पैलवान. रोज संध्याकाळी मला दुधाच्या कट्ट्यावर उभा करायचे आणि म्हशीची धार थेट ग्लासात.

"काका, वजन वाढलं तर बोटीतनं काढतील."

"वजन वाढलं म्हणून काढत्यात? असला कसला खेळ मर्दा! बाहेर सांगू नको कुणाला."

नाही म्हणायची माझी छाती नव्हती. स्पर्धेला आठ दिवस उरले तेव्हा काटा चौऱ्याहत्तरवर. मग मी दुधाचा ग्लास घरी नेऊन पितो म्हणून थाप मारली आणि शेजारच्या मांजराला पाजू लागलो. आठवड्यात त्या मांजराचा वाघ झाला. गल्लीतली कुत्री कसबा बावड्याला राहायला गेली. मी भर उन्हात दोन स्वेटर आणि वर रेनकोट घालून पळायचो. शेवटचे दोन दिवस पाणीही सोडलं. सरांनी विचारलं, "बरा हाईस न्हवं?" मी म्हणालो, "एकदम फिट."

पुण्यात वजनाला उभा राहिलो तेव्हा काटा बहात्तरच्या पाऊण किलो खाली होता. दोस्तानं माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की आणखी पावशेर कमी झालं असावं. काकाही एस्टीनं आले होते, हातात दुधाची किटली. माझ्याकडं बघून एवढंच म्हणाले, "तोंड बघ की, वाळलेल्या मिरचीगत."

शर्यत दोन तासांनी होती. अर्ध्या अंतरापर्यंत आम्ही दुसरे होतो. मग माझ्या बोटांत गोळे आले, वल्हं तिरकं पाण्यात घुसलं आणि त्याचा दांडा माझ्या पोटात बसला. बोट जागेवर थांबली. पुन्हा निघालो तेव्हा बाकीचे पोचले होते.

आम्ही काठावर आलो. दोस्त बराच वेळ पाठमोरा बसला. मग उठला, काकांच्या हातातली किटली घेतली आणि झाकणात दूध ओतून माझ्यापुढं धरलं.

"पी. आता कोण वजन करतंय?"

मी प्यालो. तो परत जाऊन पाठमोरा बसला.

गावी आल्यावर कट्ट्यावर सगळ्यांनी विचारलं, काय झालं? मी सांगितलं, पुण्यात ऐन शर्यतीत म्हैस आडवी आली. एवढाली शिंगं. काही जण हसले. काकांनी ग्लास खाली ठेवला.

"हसतासा काय? म्या बघितली की. काठावर हुतो."

दोस्तही तिथंच होता. तो मान खाली घालून दूध पीत राहिला.