दारावरचा खडू

कच्च्या दुधाचा वास आला की मला कर्जतकडच्या एका दूध संकलन केंद्राचं लोखंडी दार आठवतं. त्या केंद्राला सॉफ्टवेअर आमचं होतं आणि अडलं तर बघायची त्यातली मदतीची पानं मी लिहिली होती. पानं असूनही लोक फोनच का करतात, ते बघायला मी गेलो होतो. सकाळी किटल्या घेऊन रांग लागलेली, टँकर यायच्या बेतात, आणि दूध तपासायच्या मशीनवरून फॅटचा आकडा संगणकावर येईना. मी ऐटीत पुढं झालो. शोधायच्या चौकटीत ‘फॅट दिसत नाही’ लिहिलं, ‘मशीन बंद’ लिहिलं. माझंच पान मला सापडेना. केंद्र चालवणाऱ्या ताई मागून म्हणाल्या, “सर, तसं न्हाई गावायचं. दार बघा.” दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहिलं होतं: डावीकडं लोकांच्या तोंडच्या अडचणी, उजवीकडं माझ्या पानांची जडजड नावं. ‘फॅट येईना’च्या समोर ‘उपकरण जोडणी’. ताईंनी चौकटीत ‘उपकरण जोडणी’ लिहिलं, पान उघडलं, त्यात सांगितलं तसं करताच आकडा आला आणि रांग हलली. मी दाराकडं बघतच राहिलो. या बाईनं माझं पानन्‌पान वाचलं होतं! दाराचा फोटो काढून आणला आणि डावीकडचे सगळे शब्द शोधाला जोडून टाकले. नवं पान लिहिताना आजही मी तो फोटो उघडतो. दार मात्र ताईंनी केव्हाच पुसलं. मी फोनवर हळहळलो, तर म्हणाल्या, “आता आपल्या बोलन्यानंच गावतंय की. मग दारावर कशाला ठिवायचं?”